वाफ, ठसका आणि तलफ

सर्दी झाली की आपल्याकडे ‘वाफ घे’ म्हणतात. त्यामुळे हा शब्द मराठी कानाला औषधीच वाटतो. व्हेपिंगचा विचार करताना मला पहिली अडचण जाणवते ती या शब्दाची. ‘सिगारेट कुठे, नुसती वाफ तर आहे’ असे मुलाने म्हटले, तर आईवडिलांनी काय उत्तर द्यावे?

व्हेपमधून निघते ती पाण्याची वाफ नव्हे. बॅटरीने तापलेल्या तारेवर प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटीन यांचे मिश्रण तापते व त्याचे अतिसूक्ष्म थेंब फुप्फुसात उतरतात. चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३च्या सुमारास हे उपकरण आजच्या रूपाजवळ आणले, ते सिगारेटला पर्याय म्हणून. तंबाखू जळत नसल्याने धुरातले बरेचसे विष टळते, हे खरे. पण जो मुलगा सिगारेट ओढतच नव्हता, त्याला पर्याय कशाचा? त्याच्या पदरी पडते ते निकोटीन.

आपल्याकडे तंबाखूला चुना लावून मळतात. चुना अल्कधर्मी, त्याने निकोटीन मोकळे होते आणि तोंडाच्या अस्तरातून भराभर शोषले जाते. व्हेपमध्ये याच्या उलट युक्ती आहे. मोकळे निकोटीन घशाला झोंबते. त्यात बेंझॉइक आम्लासारखे आम्ल मिसळले की क्षार तयार होतो आणि झोंबणे कमी होते. अमेरिकेत २०१५मध्ये आलेल्या जूलने ही युक्ती लोकप्रिय केली. ठसका हा शरीराचा पहिला नकार असतो. इथे तोच काढून घेतला आहे. शिवाय मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालते, म्हणून कोवळ्या वयात सवय लवकर जडते.

भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर बंदी आहे. बंदी आवश्यक असली, तरी घरात तिच्या धाकाने लपवालपवी वाढू नये. ‘कुठून आणलेस?’ या प्रश्नाने संवाद तुटतो. ‘सकाळी उठल्यावर किती वेळात ओढावीशी वाटते?’ असे विचारले, तर सवय किती खोल गेली आहे ते कळते.

मराठीत तलफ ‘येते’. जी येते ती जातेही, आणि एकेक तलफ सहसा काही मिनिटांचीच असते. सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, अभ्यासात लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक होतो आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हे आधी सांगितले, तर मूल त्या दिवसांना घाबरत नाही.

मदतीचा उपयोग होतो याला पुरावा आहे. अमेरिकेत १८ ते २४ वयाच्या २,५८८ तरुणांवर झालेल्या चाचणीत ज्यांना मोबाइलवर धीर देणारे, युक्त्या सुचवणारे संदेश मिळाले, त्यांपैकी २४.१ टक्के सात महिन्यांनी व्हेपमुक्त होते. इतरांत हे प्रमाण १८.६ टक्के होते. फरक लहान, पण खरा. मदत मिळूनही बहुतेकांना त्या खेपेस सुटता आले नाही, हेही लक्षात घ्यावे. पुन्हा ओढणे म्हणजे चारित्र्य ढासळणे नव्हे. पुढच्या प्रयत्नाची तयारी करायची.

सुरक्षिततेची पथ्ये साधी आहेत. व्हेप सोडून सिगारेट किंवा गुटखा धरू नये. निकोटीनचे च्युइंगगम वा औषध, विशेषतः अठराच्या आतील मुलांना, डॉक्टरांना विचारूनच द्यावे. उरलेला द्रव लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये; तो पोटात गेल्यास विषबाधा होते. धाप लागली, छातीत दुखले तर लगेच दवाखाना गाठावा आणि काय ओढले ते खरे सांगावे. अमेरिकेत २०१९मध्ये व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यामागे मुख्यतः गांजातील अंमली द्रव्य असलेली तेले व त्यांत मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट होते. डॉक्टरांपासून हे लपवणे जिवावर बेतू शकते.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक विनामूल्य आहे. तो मुलाच्या हाती द्यावा आणि पहिले तीन दिवस त्याच्या चिडचिडीला आपण चिडून उत्तर देऊ नये.