कुठले देशमुख?

वऱ्हाडात सोयरीक जुळवायला बसलेली माणसं नुसत्या ‘देशमुख’वर कधी थांबत नाहीत. कुठले देशमुख, गाव कोणतं, मूळ आडनाव काय, मामकूळ कोणतं, अशी विचारपूस पार मुळापर्यंत जाते. मात्र विषय पुढाऱ्यांचा किंवा थोरामोठ्यांचा निघाला की हीच चौकस माणसं पंजाबराव, चिंतामणराव, नानाजी, विलासराव या सगळ्यांना खुशाल एका घरचे करून टाकतात.

घोटाळा का होतो, ते समजण्यासारखं आहे. १९५२ ते १९५६ या काळात नेहरूंच्या सरकारात खरोखरच दोन देशमुख होते. अर्थखातं चिंतामणरावांकडे होतं, शेतीखातं पंजाबरावांकडे. नातं काहीच नव्हतं. चिंतामणराव रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर; मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडलेले. पंजाबराव आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव कदम. चिंतामणरावांच्या पत्नी दुर्गाबाई तर राजमहेंद्रीच्या, तेलुगू. त्या आणि पंजाबराव दोघंही घटना समितीत होते, पण तिथल्या यादीत त्या ‘जी. दुर्गाबाई’ आहेत. देशमुख हे आडनाव त्यांना १९५३ मध्ये लग्नानंतर लागलं.

दिल्लीचं सोडा, अमरावतीतच दोन बॅरिस्टर देशमुख होते आणि दोघंही मध्य प्रांत-वऱ्हाडात मंत्री झाले. १९३० मध्ये मंत्री झाले ते पंजाबराव. १९३८ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळाचा पेच गाजला, तेव्हा खऱ्यांबरोबर राजीनामा दिला तो रामराव देशमुखांनी. जुन्या कागदात नुसतं ‘बॅ. देशमुख’ दिसलं की एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होऊ शकतं. म्हणून आद्याक्षरं बघावीत. पं. शा. वेगळे, रा. मा. वेगळे.

मुळात देशमुख हे एका कामाचं नाव. गावाला पाटील आणि कुलकर्णी, तसे परगण्याला देशमुख आणि देशपांडे. देशमुखानं वसूल गोळा करायचा, परगण्यात बंदोबस्त ठेवायचा, आणि बदल्यात रुसूम व इनाम जमिनी खायच्या. राज्यं बदलत गेली तरी ही वतनं टिकली, कारण कोणत्याही नव्या धन्याला गावं ओळखणारा माणूस लागायचाच. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे वसूल सरकारी यंत्रणा करू लागली आणि देशमुखांचं काम संपलं. आडनाव तेवढं उरलं. त्यातही वतन ही मालमत्ताच. भावाभावांच्या वाटणीत तिचे तुकडे व्हायचे, ती गहाण पडायची, विकलीही जायची. त्यामुळे ‘देशमुख म्हणजे गडगंज’ हाही समज चुकीचाच. गढी ढासळलेली आणि सातबाऱ्यावर चार-दोन एकर, असे देशमुख आपल्याकडे गावोगाव भेटतात.

‘देशमुख ही एक जातच आहे,’ हे तर आपल्या भागात इतक्या ठामपणे बोललं जातं, की त्यावर शंका घेणाऱ्याकडेच लोक चमकून बघतात. जरा नावं तपासून बघा. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख चित्पावन, त्यांचं मूळ आडनाव सिधये. नानाजी देशमुख हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, देशस्थ ब्राह्मण. चिंतामणराव कायस्थ प्रभू. लातूरचे विलासराव मराठा. सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव धनगर समाजाचे. मुसलमान देशमुखही महाराष्ट्रात आहेत. ज्याच्याकडे वतन, तो देशमुख, मग त्याची जात कोणतीही असो.

पंजाबरावांना आज कुणी आपापल्या जातीच्या फलकावर तेवढं बसवू पाहतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ज्या माणसानं अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९२७ मध्ये अमरावतीत चळवळ उभी केली, श्रद्धानंद छात्रालयात सगळ्या जातींच्या पोरांना एकत्र ठेवलं आणि स्वतः जातीबाहेर लग्न केलं, त्याच्यावर हा उघड अन्याय आहे. त्यांनी उभ्या केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजांतून शिकलेल्यांची आडनावं नुसती वाचली, तरी वऱ्हाडातला एकही समाज सुटलेला दिसणार नाही.

शेवटचा गैरसमज अकोल्याचा. तिथलं कृषी विद्यापीठ पंजाबरावांनी स्थापन केलं, असं विद्यार्थीसुद्धा सर्रास सांगतात. पंजाबराव १० एप्रिल १९६५ रोजी गेले आणि विद्यापीठ सुरू झालं २० ऑक्टोबर १९६९ रोजी. नाव त्यांच्या स्मरणार्थ दिलेलं आहे. तेही सुरुवातीला नुसतं ‘पंजाबराव कृषी विद्यापीठ’ असं होतं, ‘डॉ. पंजाबराव देशमुख’ हे पूर्ण नाव नंतर आलं. आमचे शेतकरी अजूनही ‘पीकेव्ही’च म्हणतात, आणि कपाशीच्या ‘पीकेव्ही हायब्रीड २’ या वाणातही तेच जुनं, देशमुख नसलेलं नाव आहे.