टाके तुटत नाहीत, मावशी, उठा

रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही. सकाळी एनिमा, मग नंबर लागेपर्यंत कोरड्या घशानं पडून राहणं. ऑपरेशननंतर नाकात नळी, पोटातून निचऱ्याची नळी, लघवीची पिशवी आणि गॅस सरेपर्यंत उपास. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, सुभाष टेकडीपासून लालचक्कीपर्यंत, ज्या घरात बाईच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय तिथे हा क्रम तोंडपाठ असतो.

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात या क्रमातली एकेक गोष्ट तपासायला घेतली. बराचसा भाग निव्वळ रिवाज निघाला. त्यातून जी पद्धत उभी राहिली तिला डॉक्टर ‘इरास’ म्हणतात. स्त्रियांच्या कर्करोग-शस्त्रक्रियांसाठी तिची खास मार्गदर्शक तत्त्वं २०१६ साली आली आणि २०१९ मध्ये सुधारली गेली. यात नवं यंत्र नाही की महागडं औषध नाही. बऱ्याच जुन्या सवयी सोडायच्या आणि उरलेल्या गोष्टी वेळेवर करायच्या, एवढंच. तेच अवघड जातं.

कॅम्प चारमध्ये शासकीय प्रसूतिगृह आहे, मध्यवर्ती रुग्णालय कॅम्प तीनला. कर्करोगाच्या ऑपरेशनसाठी मात्र अनेकींची विठ्ठलवाडीहून लोकल धरून दादरला उतरून परळच्या रुग्णालयाची वारी ठरलेली. गर्भाशयमुखाचा आजार पुढे गेला असेल तर ऑपरेशन होतच नाही, किरणोपचार आणि केमो दिली जाते. ज्यांचं ऑपरेशन ठरतं त्यांची तयारी तारीख मिळताच सुरू व्हायला हवी. अंगावरून रक्त जाऊन हिमोग्लोबिन खाली गेलेलं असतं, ते आधी लोहाच्या गोळ्यांनी किंवा सलाइनमधून वर आणायचं. तंबाखू निदान चार आठवडे आधी बंद. इथे जाणती सिस्टर ‘तंबाखू खाता का?’ एवढ्यावर थांबत नाही. त्याचं उत्तर ‘नाही’ येतं. ‘मशेरी लावता का?’ म्हटलं की मावशी हसून मान डोलावतात.

ऑपरेशनच्या दिवशी भुलीच्या सहा तास आधीपर्यंत हलकं खाणं चालतं आणि दोन तास आधीपर्यंत पाणी किंवा साखरेचं सरबत. कोरा चहा चालतो, दुधाचा नाही. मधुमेह असेल तर डॉक्टर वेगळं सांगतात.

खरी ओढाताण होते ती नंतर, खाटेपाशी. शुद्धीवर आल्यावर काही तासांत पाण्याचे घोट, चोवीस तासांच्या आत मऊ जेवण. आतडी लवकर जागी व्हावीत म्हणून च्युइंगगमसुद्धा चघळायला देतात. कळ आल्यावर गोळी मागायची नाही, ती घड्याळ लावून दिली जाते. मॉर्फिनसारखी औषधं शक्य तितकी कमी, कारण त्यांनी मळमळतं आणि पोट सुस्तावतं. लघवीची नळी बहुतेकींची दुसऱ्या दिवशीच निघते. गर्भाशयमुखाच्या मोठ्या ऑपरेशनात मूत्राशयाच्या नसांना धक्का बसतो, म्हणून तिथे ती जास्त दिवस राहते.

आणि मग उभं राहणं. सिस्टर म्हणते, ‘मावशी, उठा.’ नणंद म्हणते, ‘वहिनी, पडून राहा, टाके तुटतील.’ टाके असे तुटत नसतात. पडून राहिल्यानं मात्र पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, आणि कर्करोगात हा धोका मुळातच जास्त. एका सिस्टरकडे डझनभर खाटा असतील तर चालवायचं कोणी, हा प्रश्न मार्गदर्शक तत्त्वं सोडवत नाहीत. तो नणंदेनंच सोडवायचा असतो. म्हणून पेशंटइतकंच नातेवाइकांना आधी बसवून समजावणं हा या पद्धतीचा कणा मानायला हवा.

२०२१ साली या पद्धतीवरच्या एकतीस अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. रुग्णालयातला मुक्काम सरासरी सुमारे दीड दिवसानं घटला, गुंतागुंत जवळपास एक तृतीयांशानं. लवकर घरी गेलेल्यांना परत दाखल करावं लागण्याचं प्रमाणही वाढलं नाही, उलट कमीच झालं.

पण लवकर घरी म्हणजे कुठल्या घरी? खडा जिना, पाण्याची वेळ झाली की हंडे. शिवाय पोट उघडून कर्करोगाचं ऑपरेशन झालं असेल तर रक्ताची गाठ टाळणारं इंजेक्शन साधारण २८ दिवस घ्यावं लागतं, म्हणजे बहुतेक दिवस घरीच. ते बहुधा लेक शिकते: पोटाच्या चामडीची घडी चिमटीत धरायची, बेंबीपासून तीन बोटं दूर, सुई सरळ, टोचल्यावर चोळायचं नाही. रोज बाजू बदलायची.

घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याच: इंजेक्शन किती दिवस, वजन कधीपर्यंत उचलायचं नाही आणि रात्री-अपरात्री फोन कुठे करायचा. एकच पाय सुजला, अचानक धाप लागली, ताप चढला किंवा जखमेतून पाणी आलं, तर पुढच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच नंबरवर फोन करा. धाप लागली असेल तर थेट जवळचं रुग्णालय गाठा.