विराम-बिंदू

एका वेतनपत्रकाचे उदाहरण घेऊ. 400 कर्मचाऱ्यांपैकी 392 जणांचे हिशेब बिनचूक उतरले आहेत. उरलेल्या 8 जणांच्या वेतनातून मात्र भविष्यनिर्वाह निधीची कपातच झालेली नाही. संगणकाने कोठेही तक्रार केलेली नाही. अशी मुकी चूक आज्ञावली नुसती वाचून सापडणे कठीण. तिला चालता चालता थांबवूनच पाहावे लागते.

ही युक्ती संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत 1946 साली जगापुढे आलेल्या एनिॲक या यंत्रात गणिताचा क्रम तारा जोडून ठरविला जाई. एखादी तार काढून घेतली की यंत्र नेमके तेथे थांबे. या ‘ब्रेकपॉइंट’चे, म्हणजे विराम-बिंदूचे, श्रेय बेटी होल्बर्टन यांना दिले जाते.

आपले वेतनपत्रक फॉक्सप्रो या भाषेत लिहिले आहे असे समजू. (तिची शेवटची आवृत्ती 2004 सालची आहे.) येथे तार नाही; ओळीच्या डाव्या समासात एक तांबडा ठिपका उमटतो. परंतु प्रत्येक नावापाशी थांबत बसणे म्हणजे 400 वेळा खोळंबणे. म्हणून ठिपक्याला अट जोडावी: कर्मचारी-क्रमांक त्या आठांपैकी एकाचा असेल तरच थांब. तेथे पोचल्यावर दुसरा बिंदू ठेवावा, तो ओळीवर नव्हे, तर ‘टोटल’ या चलावर: याचे मूल्य बदलताच थांब. पहिला थांबा अपेक्षितच असतो, कारण निधीची रक्कम टोटलमध्ये जमा होते. दुसरा थांबा मात्र भलत्याच ठिकाणी, सणाच्या उचलीचा हप्ता काढणाऱ्या उपआज्ञावलीत लागतो. तिच्या लेखकानेही आपल्या बेरजेला ‘टोटल’ हेच नाव दिले आहे आणि ते स्वतंत्र असल्याचे घोषित केलेले नाही. या भाषेत अशा वेळी वरच्या आज्ञावलीचाच चल हाती येतो व त्यातील रक्कम पुसली जाते. आठही जणांनी उचल घेतलेली होती! ‘लोकल’ हा एक शब्द लिहिताच दोन्ही टोटल वेगळे होतात.

एक सावधगिरी मात्र हवी. आज्ञावलीने एखाद्या नोंदीला कुलूप लावले असेल, तर ती थांबलेली असताना कुलूपही तसेच राहते. आपण निवांतपणे मूल्ये न्याहाळत असतो आणि पलीकडच्या मेजावरचा लिपिक ती नोंद दुरुस्त करण्यासाठी ताटकळत असतो. अशी तपासणी मूळ सारणीच्या प्रतीवर करावी.