पायी फिरणारा बिशप

इ.स. 635 मध्ये इंग्लंडच्या उत्तरेतल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्वाल्ड याने आयोना बेटावरच्या आयरिश मठाकडे धर्मोपदेशक मागितला. पहिला आला तो कडक स्वभावाचा होता. इथले लोक हट्टी आहेत, कुणी ऐकत नाही, असे सांगत तो परत गेला. लोकांना झेपेल तेवढेच आधी शिकवायला हवे होते, असे मठाच्या बैठकीत एडन नावाचा एक साधू म्हणाला. मग बिशप करून त्यालाच पाठवले.

एडनला इंग्रजांची भाषा नीट येत नव्हती. ऑस्वाल्ड मात्र तरुणपणी आयरिश लोकांत आश्रयाला राहिलेला, त्यामुळे बिशपच्या प्रवचनाचे भाषांतर सरदारांपुढे खुद्द राजा करी. ओहोटीला वाट मोकळी होणारे लिंडिसफार्न बेट एडनने मठासाठी घेतले आणि तिथून तो गावोगाव पायी हिंडला. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचे, ही त्याची रीत.

नद्या ओलांडायला सोय व्हावी म्हणून पुढे ऑस्विन नावाच्या दुसऱ्या एका राजाने त्याला उमदा घोडा दिला. एडनने तो साजासकट भिकाऱ्याला देऊन टाकला. राजा रागावला, हलके घोडे काय कमी होते? घोडीचे शिंगरू तुला देवाच्या लेकरापेक्षा प्यारे का, असे एडनने विचारले. शिकारीहून आलेला ऑस्विन शेकोटीपाशी थोडा वेळ गप्प उभा राहिला, मग तलवार सोडून त्याने बिशपचे पाय धरले.

मला स्वतःला याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. श्रीमंतांनी दिलेल्या पैशातून एडन अन्यायाने गुलाम केलेल्यांना सोडवून आणी आणि त्यांतल्या अनेकांना शिकवून पाद्री करी. बारा इंग्रज मुलेही त्याने हाताशी घेतली होती.

ऑगस्ट 651 मध्ये ऑस्विनचा खून झाला. त्यानंतर बाराव्या दिवशी, 31 ऑगस्टला, चर्चच्या भिंतीला लागून उभारलेल्या तंबूत एडन वारला. ही हकीकत इतिहासकार बीडने 731 च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ग्रंथात आहे. ईस्टरची तारीख ठरवण्याची एडनची आयरिश पद्धत बीडला साफ चुकीची वाटे. तसे लिहूनही त्याने या माणसाची थोरवी हात राखून सांगितली नाही. ईस्टरच्या याच प्रश्नावर 664 मध्ये व्हिटबीला भरलेल्या सभेत आयरिश पक्ष हरला आणि त्या पक्षाचा बिशप कोलमन एडनच्या काही अस्थी घेऊन परतला. लिंडिसफार्नचा मठ सांभाळायला त्याने मागे सुचवला तो एटा, त्या बारा मुलांतलाच एक.