सोडलेल्या पाण्याची नदी
(लेखमाला : उसळतं पाणी – भाग 6)

जुलैत खडकवासला धरण भरत आलं की पुण्याच्या शनिवार पेठेत एकच प्रश्न असतो : किती सोडलं? ओंकारेश्वराच्या बाजूला, नव्या पुलाच्या कठड्याशी माणसं उभी राहतात आणि क्युसेकचे आकडे एकमेकांना सांगतात. उरलेलं वर्ष याच पात्रात सांडपाण्याची धार असते आणि जलपर्णी. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांनी मुठा खोऱ्यातलं पाणी अडवून नळांत आणि कालव्यात घातलं. शहरातली मुठा आता सोडली तरच वाहते.

मागच्या भागात आपण धावत्या पाण्याच्या सोप्या एकपासून अत्यंत अवघड सहापर्यंतच्या श्रेणी पाहिल्या. आजचा भाग धरणाच्या दारातून येणाऱ्या पाण्याचा आहे. उसळत्या पाण्यात छोटी होडी वल्हवणारे कसलेले कयाकर अशा पाण्याची वाट पाहत वर्ष काढतात.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्याचा विसर्ग 35 हजार क्युसेकवर गेला. सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत त्या दिवशी घरांत पाणी शिरलं, ते पुणेकर विसरणार नाहीत. आता दुसरा आकडा पाहा : 500 क्युसेक. मुठेत एवढं पाणी आलं तर पुलावरून जाणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. पण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टलूला नावाची घळ आहे, तिथे हेच 500 क्युसेक पट्टीच्या कयाकरलाही घाम फोडतात. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. पात्र किती अरुंद आणि उतार किती, हे त्याच्याशेजारी मांडावं लागतं. टलूलाची घळ सुमारे 300 मीटर खोल, आणि तिच्यातल्या धबधब्यांच्या टप्प्यात नदी दीड-दोन किलोमीटरमध्ये दीडशे मीटर उतरते.

तिथे 1913 मध्ये विजेसाठी धरण झालं आणि घळ कोरडी पडली. पुढे धरणाच्या परवान्याचं नूतनीकरण आलं तेव्हा नदीत उतरणाऱ्यांनी आपली बाजू मांडली, आणि 1997 पासून वर्षातले मोजके शनिवार-रविवार, एप्रिल आणि नोव्हेंबरात, पाणी सोडायचं ठरलं. होडी खांद्यावर घेऊन शेकडो पायऱ्या उतरून कयाकर तळाशी जातात. थोड्याच अंतरावर ओशिआना नावाचा सुमारे 15 मीटरचा तिरका कातळ येतो आणि पाणी त्यावरून सरळ खाली जातं.

एवढी धडपड कशासाठी? पावसाच्या नदीचा अंदाज तासातासाला चुकतो. वर ढगफुटी झाली की सकाळी पाहिलेला दगड दुपारी दिसत नाही. धरणातून ठरलेला विसर्ग सुटला की पाण्याची पातळी दर वर्षी तीच. कोणत्या खडकाच्या डावीकडून घुसायचं, कुठे वल्ह्याचा शेवटचा जोरकस हात मारायचा, कुठे कडेच्या संथ पाण्यात थांबून दम घ्यायचा, हे वर्षभर मनात घोळवता येतं. पाचव्या श्रेणीचं पाणी उतरण्याची हिंमत त्या पाठांतरातून येते.

धोकेही याच पाण्याचे. कित्येक महिने कोरड्या पात्रात झाडं पडतात, फांद्या अडकतात. पहिल्या पाण्यात त्या कुठे जाऊन बसतील सांगता येत नाही. फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. आणि दार बंद झालं की पाणी ओसरतं. मागे राहिलेला घळीतच राहतो.

सह्याद्रीत या धोक्याला आणखी एक पदर आहे. आपला बसाल्ट थरांचा. लाव्हाच्या दोन थरांमधला मऊ थर पाणी आधी पोखरतं, वरचा कठीण थर छपरासारखा पुढे राहतो. वरून पायरी दिसते, खाली कपार असते. प्रवाहाने होडी त्या कपारीत ढकलली तर उलटलेल्याला सरळ व्हायला जागा नसते. म्हणून इथली कुठलीही घळ आधी कोरडी असताना पायी पाहावी, असं मी आग्रहाने म्हणेन.

पुण्याला सर्वांत जवळचं असं सोडलेलं पाणी कोलाडच्या कुंडलिका नदीत आहे, आणि ते मूळचं मुळा नदीचं आहे! मुळशी धरणाने मुळा अडवली, आणि पुण्याकडे येणारं ते पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजघरात गेलं. सुमारे 500 मीटर खाली कोसळून ते 1927 पासून टाटांची वीज करतं. त्याच मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी 1921 मध्ये सत्याग्रह उभारला होता. गावं बुडाली, जमिनी गेल्या. कुंडलिकेच्या लाटांवर हसत-खेळत जाताना ही किंमत कुणी चुकवली ते ठाऊक असलंच पाहिजे.

वीज करून झालेलं पाणी खाली साठवून कुंडलिकेत सोडतात. म्हणून मुठा कोरडी असते त्या एप्रिल-मेमध्येही तिथे सकाळी लाटा असतात. पाणी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचं, शिकाऊ हातांना योग्य. उलटलेली होडी कंबरेच्या झटक्याने सरळ करायचा सराव इथे करावा. पण निघण्याआधी स्थानिक मार्गदर्शकाला दोन गोष्टी विचाराव्यात : आज पाणी किती वाजता सुटलं, आणि किती वाजेपर्यंत राहील. सोडलेलं पाणी उतरण्याच्या जागी पोचायला वेळ लागतो आणि बंद केल्यावर तिथून ओसरायलाही. दुसरी वेळ पहिलीइतकीच महत्त्वाची.

मग मुठेतच का नको, हा प्रश्न विसर्गाच्या दिवसांत हमखास येतो. उत्तर स्पष्ट नाही असंच आहे. मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या संथ मुळेवर अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 पासून आहे, पण ते पाणी वेगळं. पुराच्या मुठेत पुलांचे खांब असतात, वाहून आलेली झाडं असतात, सांडपाणी असतं. सर्वांत वाईट म्हणजे पात्रातले बुटके बंधारे. बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर येतं आणि भिंतीकडेच मागे वळतं. काठावरून ती एक सरळ पांढरी रेघ दिसते. तिच्यात सापडलेली होडी, ओंडका, माणूस पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढला जातो. घळीतल्या उसळत्या पाण्याला बहुधा कुठेतरी बाजूला फट असते. काठापासून काठापर्यंत सरळ बांधलेल्या भिंतीला ती नसते.

पुढच्या भागात : हे मागे वळणारं पाणी वरून कसं ओळखायचं, आणि सापडलेल्या माणसाकडे दोर कुठून टाकायचा.