साखरेचा दागिना घरीच घडवा



गळीत हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच आपल्याकडे संक्रांत येते. शेतात टोळी, रस्त्यावर उसाच्या गाड्या, काट्यावर रांग, आणि घरात सुगडं, तिळगूळ, वाण यांची गडबड. सुगडात घालावयाचे उसाचे कांडे आपल्याच फडातले असते. एक टन उसापासून साधारणपणे १०० ते ११० किलो साखर निघते, हे आपल्यापैकी प्रत्येकास तोंडपाठ आहे. उतारा पाव टक्का घसरला तरी आपण चौकशी करतो. परंतु ती साखर पोत्यातून घरात आल्यावर तिचे काय काय होऊ शकते, याची चौकशी फारशी होत नाही.

चहा, शिरा, पुरणपोळी झाली, की साखरेचे काम संपले असे आपण धरून चालतो. आपल्या आज्यांनी तसे धरले नव्हते. त्यांनी साखरेचे दागिने घडविले. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी. जावयाला हलव्याचा हार आणि नारळ. बोरन्हाणाच्या लेकराला मुकुट आणि बासरी. होळी-पाडव्याला गाठी आणि हार-कडे. आता त्यात वाढदिवसाच्या केकची भर पडली आहे. आज हे सारे तयार मिळते. विकत आणू नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र ज्याच्या शेतात ऊस पिकतो त्याच्या घरातल्या हाताला साखरेची ही कला येत नसावी, हे काही बरे नव्हे.

हलवा म्हणजे घरातला पॅन

कारखान्यात साखरेचा दाणा कसा धरतो ते पुष्कळ सभासदांनी पाहिले असेल. पॅनमध्ये रस घट्ट करतात, त्यात बारीक दाण्याचे बी सोडतात, आणि मग थोडा थोडा रस देत तो दाणा वाढवितात. रस एकदम जास्त दिला किंवा पाक नीट राखला नाही, तर भलताच बारीक दाणा पडतो आणि सगळा पॅन बिघडतो. पॅनमनची खरी परीक्षा तिथेच असते.

हलवा करणारी बाई नेमके हेच करते. तिचे बी म्हणजे तीळ, खसखस, साबुदाणा किंवा लवंग. तिचा पॅन म्हणजे जाड बुडाची परात आणि खाली मंद निखारा.

कृती अशी. पाव वाटी तीळ निवडून कोरडे भाजून घ्यावेत. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळावे. उकळी आली की चमचाभर दूध टाकावे, म्हणजे साखरेतला मळ वर येतो. तो झाऱ्याने काढून टाकावा. पाक एकतारी झाला की उतरवावा. परातीत तीळ पसरून, अगदी मंद आचेवर, एका वेळी एकच चमचा पाक सोडावा आणि बोटांनी तीळ फिरवीत राहावे. पाक सुकून तीळ मोकळे झाले की दुसरा चमचा. घाई केली की तिळाचा गोळा होतो किंवा साखर भुकटी होऊन परातीला बसते. पॅनमध्ये बिघडते तसेच इथेही बिघडते.

दहा-पंधरा चमचे झाले की तिळावर पांढरे कवच दिसू लागते. मग हळूहळू काटा फुटतो. जिथे बारीकसे टोक वर आले असेल तिथे पाक आधी लागतो आणि आधी वाळतो, म्हणून टोक वाढत जाते. हे एका बैठकीचे काम नाही. रोज तास-दोन तास, असे तीन-चार दिवस चालते. रात्री हलवा पातळ कापडाखाली झाकून ठेवावा. पौषातली कोरडी थंडी या कामाला फार चांगली. ढगाळ, ओलसर हवेत काटा धरत नाही, म्हणून हलव्याचा सण संक्रांत हाच असावा यात नवल नाही.

दागिना करावयाचा तर साबुदाण्याचा हलवा घ्यावा. दाणा मोठा असतो, दोऱ्यात गाठ मारून बांधायला सोपा जातो. काळ्या साडीवर पांढरा हलवा उठून दिसतो. जो दागिना डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटविला असेल, जरी-टिकल्या लावल्या असतील, तो लेकरांना खाऊ देऊ नये. खावयाचा हलवा वेगळा काढून ठेवावा.

गाठी आणि हार-कडे

मराठवाड्यात होळीला लेकराच्या गळ्यात साखरेचा हार आणि हातात कडे पडल्याशिवाय सण झाला असे वाटत नाही. पाडव्याला हीच गाठी गुढीला कडुनिंबाच्या डहाळीशेजारी बसते. कारागीर ही गाठी लाकडी साच्यात पाडतात. साच्यात दोरा ठेवावयाचा, वर पाक ओतावयाचा, आणि थंड झाल्यावर साचा उघडावयाचा.

घरी साचा नसला तरी अडत नाही. लहान वाट्या किंवा डब्यांची झाकणे तुपाचा हात लावून ओळीने मांडावीत आणि त्यांवरून जाड दोरा सोडावा. एक वाटी साखर, पाव वाटी पाणी. पाक एकतारीच्या पुढे जाऊ द्यावा. ताटलीत टाकलेला थेंब पसरला नाही की उतरवावा. लगेच एक चमचा पिठीसाखर घालून जोराने घोटावे. पाक दुधाळ दिसू लागला की क्षणाचाही उशीर न करता वाट्यांत दोऱ्यावर ओतावा. दहा मिनिटांत गाठी सुटते.

तो एक चमचा पिठीसाखर कशासाठी, असे कोणी विचारील. तेच बी होय. त्याच्या आधाराने सगळ्या पाकाला एकदम दाणा धरतो.

आणि एक खबरदारी. गाठीच्या पाकात लिंबू पिळू नये. आंबटपणामुळे साखरेची मोड होते आणि पाक चिकट राहतो, दाणा धरत नाही. हे आपल्याला नवीन नाही. ऊस तोडून दोन-तीन दिवस फडात पडला, म्हणजे त्याच्यातल्या साखरेची अशीच मोड होते आणि कारखान्यात उतारा मार खातो. ताजा ऊस लवकर काट्यावर आणा असे शेतकी खाते का सांगते, ते चुलीपाशी उभे राहिले म्हणजे पटते.

पाक करताना लहान लेकरांना लांब ठेवावे. पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटतो. भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नये. भाजणे मोठे असेल तर दवाखाना गाठावा.

वाढदिवसाचा केक

केक आपला नव्हे, असे म्हणण्याचे दिवस गेले. केरळात तलश्शेरी येथे मंबळ्ळी बापू यांनी १८८३ साली नाताळचा केक भाजला, तेव्हापासून तो या देशात मुरला आहे. आपल्या राज्यातल्या ख्रिस्ती घरांतून नाताळला केक, करंज्या, कुलकुलं एकाच ताटात असतात. खुद्द आपल्याकडेही दिवाळीत मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीवर जायचे आणि नानकटाई भाजून आणायची, ही रीत जुनी आहे. आज सोनपेठच्या आसपास कोणत्याही गावात पोराचा वाढदिवस म्हटला की केक आलाच.

तो घरी कुकरात होतो. एक वाटी दह्यात पाऊण वाटी पिठीसाखर चांगली फेटावी. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर व अर्धा चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटे ठेवावे. फसफसले की अर्धी वाटी तेल व दीड वाटी चाळलेला मैदा हलक्या हाताने मिसळावा. मैद्याऐवजी निम्मी कणीक घेतली तरी चालते. कुकरात तळाला वाळूचा किंवा मिठाचा थर द्यावा. पाणी घालू नये; झाकणाची रिंग व शिट्टी काढून ठेवावी. कुकर दहा मिनिटे तापवून आत स्टँडवर केकचे भांडे ठेवावे आणि मंद आचेवर पाऊण तास भाजावे. सुरी घालून पाहावी, कोरडी निघाली की झाले.

आता सजावट. पिठीसाखर विकतची कशाला? पोत्यावर एस-३० किंवा एम-३० असे लिहिलेले असते. त्यातले अक्षर दाण्याच्या आकाराचे व आकडा रंगाचा. कोणतीही साखर मिक्सरमध्ये दळून मलमलीच्या कापडातून चाळली की काम होते. एका वाटीला एक चमचा कॉर्नफ्लॉवर मिसळला तर गुठळ्या होत नाहीत.

१२५ ग्रॅम पांढरे लोणी, त्यातले पाणी दाबून काढून, पांढरेफेक होईपर्यंत फेटावे. त्यात २५० ग्रॅम पिठीसाखर थोडी थोडी घालावी. घट्ट वाटले तर चमचाभर दूध. जाड कागदाचा शंकू करून टोक कापावे, त्यात हे मिश्रण भरावे आणि दाबून फुले, वेली, नाव काढावे. ज्या हाताला दारात रांगोळी येते त्या हाताला केकवरची नक्षी अवघड नाही. केक पूर्ण गार झाल्याशिवाय मात्र हात लावू नये, लोणी वितळते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लोण्याची नक्षी टिकतच नाही. त्या दिवसांत एक वाटी पिठीसाखरेत दीड-दोन चमचे दूध घालून दाट लेप करावा आणि केकवर किंवा नानकटाईवर ओतावा. तो वाळून कडक होतो.

वर शोभेला विकतचे रंगीत दाणे नकोत. संक्रांतीला केलेला खसखशीचा हलवा बाटलीत घट्ट बंद करून ठेवला तर पुढे वाढदिवसाला तोच केकवर पेरता येतो.

रंगाचे भान

सजावटीत पैशापेक्षा जिवाची काळजी मोठी. आपल्या देशात खाण्यात घालावयास फक्त आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही मर्यादेत. जत्रेतल्या गुलाबी म्हातारीच्या केसांत रोडामाइन-बी हा कापडाचा रंग सापडला म्हणून तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या मिठाईवर बंदी घातली. सुटा, कागदाच्या पुडीतला रंग घरात आणूच नये. बीटाचा रस, हळद, केशर, पालकाचा रस एवढ्यांवर लाल, पिवळा, केशरी, हिरवा भागतो. रंग फिका येतो, येऊ द्यावा. आणि घरात मधुमेहाचे माणूस असेल तर साखरेचे कौतुक डोळ्यांनी करावे, जिभेने नको.

ही विद्या कोणाजवळ आहे?

साखरेचा सण जगभर आहे. मेक्सिको देशात पितरांच्या सणाला साखरेच्या कवट्या करून त्यांवर रंगीत नक्षी काढतात. उत्तर भारतात दिवाळीला साखरेचे हत्ती-घोडे पाडतात. जिथे जिथे ही कला टिकली, तिथे ती घरातून किंवा पिढीजात कारागिरांकडून टिकली आहे.

आपल्या घरात ती कोणाजवळ आहे? बहुधा आजीजवळ, आत्याजवळ, मोठ्या काकूजवळ. परातीतला तीळ बोटाला कधी चटका देतो आणि कधी सोडतो, हे पुस्तकात सापडत नाही. ते तिच्या शेजारी बसूनच कळते. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. पुष्कळदा हीच बाई विधवा असते. चार दिवस परातीपाशी बसून हलवा ती करते, आणि हळदीकुंकवाच्या वेळी माजघरात बसून राहते. दागिना तिच्या हातचा, पण सुनेच्या अंगावर तो चढवायला तिला बोलवायचे नाही, हा कुठला न्याय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्याकडे ठरावाची वाट कशाला पाहावी? यंदा पहिला दागिना तिच्याच हातून चढू द्या. पोरींनी तिच्याजवळ बसून शिकावे, पोरांनीही शिकावे. पॅनमन पुरुषच असतात, त्यांच्या हाताला ते जमते, तर घरात का जमू नये?

बचत गटातल्या भगिनींना यात चार पैसेही आहेत. संक्रांतीच्या आधी महिनाभर हलव्याच्या दागिन्यांना मागणी असते. खाण्याच्या वस्तू विकावयाच्या तर अन्न सुरक्षा कायदा २००६ प्रमाणे नोंदणी करून घ्यावी, वस्तूवर तयार केल्याची तारीख घालावी आणि रंगाच्या बाबतीत वर सांगितलेली शिस्त पाळावी.

एक पसा जास्त

शेवटी एवढेच. आपल्या सोनपेठ, गंगाखेड, परळी भागातून पुष्कळ कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला परमुलखात जातात, आणि आपल्या फडात राबायलाही टोळ्या येतात. संक्रांत त्यांना कोपीतच गाठते. साखरेचा दाणा ज्यांच्या हातून सुरू होतो त्यांच्या लेकरांना हलव्याचा दाणा बघायला मिळत नाही. म्हणून यंदा परातीत तीळ टाकताना एक पसा जास्त टाका. संक्रांतीच्या दिवशी फडावर जाताना बोरं, हरभरे आणि तो हलवा बरोबर न्या, आणि कोपीतल्या लेकरांचेही बोरन्हाण होऊ द्या. पाव किलो साखरेचा खर्च आहे. आपल्या घरचे पोतं तेवढ्याने हलके होणार नाही.