टाकीच्या पाण्यात किती व्होल्ट?

टाकी भरली, की पंप आपोआप बंद होतो. पाणी खाली गेले, की पुन्हा सुरू होतो. आता पुष्कळ टाक्यांवर अशी सोय असते. साखर कारखान्यातही असते. पण टाकी भरली, हे पंपाला कळतं कसं?

युक्ती सोपी आहे. टाकीत न गंजणाऱ्या पोलादाच्या तीन सळया सोडतात. एक तळाजवळ पोचते. दुसरी तिच्याहून थोडी आखूड असते. तिसरी वरच संपते. पाणी चढून वरच्या सळईला लागले, की पाण्यातून दोन सळयांमध्ये अगदी थोडी वीज वाहते. ही खूण मिळताच बाहेरच्या पेटीतला रिले पंप बंद करवतो. पाणी मधल्या सळईच्या खाली गेले, की सुरू करवतो.

म्हणजे पाण्यातून वीज वाहते, बरं का! जपायचं ते इथेच. कोणी म्हणेल, "पेटीचा खर्च कशाला? स्टार्टरचीच तार टाकीत सोडू." असे कधीही करू नका. घरच्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. तीन फेजच्या मोटारीला त्याहून जास्त असतो. ही वीज पाण्यात उतरली, तर टाकी धुणाऱ्या माणसाचा जीव जाईल.

म्हणून सळयांना १२ किंवा २४ व्होल्टचीच वीज द्यावी. दाब कमी करायला पेटीत लहान ट्रान्सफॉर्मर असतो. त्याची दोन वेटोळी एकमेकांपासून वेगळीच हवीत. नाहीतर आकडा कमी दिसेल, पण मोठ्या विजेशी असलेला संबंध तुटणार नाही.

ही जोडणी परवाना असलेल्या वायरमननेच करावी. पण काम नीट होते आहे का, हे आपण पाहू शकतो.

१. आधी मेन स्विच बंद करावा. फ्यूज काढून वायरमनने आपल्या खिशात ठेवावेत. पंप थांबला म्हणजे वीज गेली असे नव्हे. तो केव्हाही आपोआप सुरू होईल. स्विचवर "काम चालू आहे" अशी पाटी लावावी.

२. टेस्टर आधी चालू लाइनीवर लावून पाहावा. मग कामाच्या तारेला लावावा. पुन्हा चालू लाइनीवर लावावा. टेस्टरच बिघडला असेल, तर तो खोटे सांगेल.

३. पाण्यात तारेला सांधा नको. सांधे टाकीच्या वर, झाकणाच्या कोरड्या डबीत असावेत.

४. सळयांच्या तारा आणि मोटारीच्या तारा एकाच नळीतून नेऊ नयेत.

५. मोटार, स्टार्टर आणि लोखंडी पेटी यांना अर्थिंग हवेच. पेटीच्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. वीज जमिनीत गळू लागली, की तो लाइन तोडतो. त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

काम झाले, की पंप लगेच सुरू करू नका. आधी विचारा, "वायरमनभाऊ, पाण्यात किती व्होल्ट सोडलेत?" त्याला मीटर लावून दाखवायला सांगा. मीटरवरचा आकडा आपण स्वतः वाचावा. मगच बटण दाबावे.